बोक्याला काय घालावं आणि दार उघडं ठेवावं का?

कोथरूडहून एका बाईंनी विचारलंय. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि ८ महिन्यांचा देशी बोका. सासूबाई त्याला दोन्ही वेळा दूध-पोळी कुस्करून देतात. बाई स्वतः पाकिटातलं कोरडं खाद्य ठेवतात. बोका दोन्हीकडे तोंड लावतो आणि दोन्ही अर्धवट टाकतो. संध्याकाळी दाराशी बसून ओरडतो, म्हणून यजमानांचं म्हणणं असं की त्याला बाहेर सोडावं, मुक्या जिवाला कोंडून कशाला ठेवायचं. गुहागरला त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मांजरं आहेत. ती कुणी कधी कोंडली नाहीत आणि त्यांना पाकिटातलंही कधी घातलं नाही. मग बरोबर कोण? आणि मे महिन्यात गावी जाताना बोक्याला सोबत न्यावं का?

मी पशुवैद्य आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करतो आणि मांजरं रोज तपासतो. उत्तर आधीच सांगतो: बोक्याला घरात ठेवा, आणि घरात ठेवायचं ठरवलंत की दूध-पोळीला जेवण म्हणणं थांबवा. हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावे लागतात. गुहागरची मांजरं दूध-पोळीवर जगत नव्हती. ती उंदीर, पाली, सरडे, टोळ आणि मासळी साफ करताना बाजूला पडलेली मुंडी-आतडी यांच्यावर जगत होती. सासूबाईंच्या हातची दूध-पोळी वरची मायेची होती. आपण दार लावून घेतो तेव्हा मांजराचं बाहेरचं सगळं जेवण बंद होतं आणि त्याचा बाहेरचा दिवसही संपतो. पोट आणि दिवस या दोन्हींची जबाबदारी मग आपल्यावर येते. बऱ्याच घरांत दार तेवढं बंद होतं आणि वाटीत जुनंच पडत राहतं. माझ्याकडे येणारी कितीतरी दुखणी तिथून सुरू होतात.

आधी पोटाचं बघू. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या ताटातलं खाऊन बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं की हृदय असं फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असतं आणि ते खाण्यातून दिलं की हृदय पुन्हा सुधारतं. यातला महत्त्वाचा भाग असा, की ती मांजरं त्या काळचं डब्यातलं आणि पाकिटातलं खाद्यच खात होती. कंपन्यांनी त्यानंतर टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि हा आजार झपाट्याने कमी झाला. गाजर-भोपळ्यातून आपलं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, मांजराचं बनवत नाही. गोडाची चवही त्याला कळत नाही. दूध-पोळी तो आवडीने खातो ती दुधातल्या स्निग्धांशासाठी.

आता दुधाचा हिशोब करा. तुमचा बोका साधारण ४ किलोचा असेल. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या अशा बोक्याला दिवसाला २०० ते २४० कॅलरी पुरतात. १०० मिली म्हशीचं दूध म्हणजे १०० कॅलरीच्या आसपास. त्यात अर्धी पोळी कुस्करली की आणखी ५० धरा. म्हणजे दोन वेळच्या एवढ्याशा दूध-पोळीत त्याच्या दिवसाच्या भुकेचा निम्म्याहून जास्त भाग भरून जातो, आणि त्यात मांस काहीच नसतं. मग तो तुमच्या पाकिटातलं अर्धवट टाकतो. तो नखरे करत नाहीये, त्याचं पोट भरलेलं आहे. शिवाय आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. कुणाला पातळ शी होते, कुणाचं पोट गुरगुरतं, काहींना खरोखरच काही होत नाही. तुमच्या बोक्याला सोसत असेल तर दिवसातून दोन चमचे दूध सासूबाईंच्या हातून जाऊ द्या. त्याने त्याचं काही बिघडणार नाही आणि त्यांचं त्याच्याशी असलेलं नातंही राहील. मी घराघरांत हेच सांगत आलोय. जेवण कोणतं आणि खाऊ कोणता एवढा फरक घरात सगळ्यांना ठाऊक हवा.

दूध-पोळी सोडली की दुसरं टोक लगेच गाठलं जातं: नुसतं उकडलेलं चिकन. हे दुधापेक्षा बरं असलं तरी पूर्ण अन्न नाही. उंदीर खाताना मांजर त्याची हाडं, काळीज, मेंदू, आतडी सगळं खातं. नुसत्या मासात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. वाढत्या पिल्लाला दोन-तीन महिने फक्त बोनलेस किंवा खिमा घातला तर शरीर कॅल्शियमसाठी त्याच्याच हाडांना हात घालतं. अशी पिल्लं येतात तेव्हा घरचे म्हणतात, “सोफ्यावरून उडी मारली आणि लंगडायला लागलं.” क्ष-किरणात हाडं मासाइतकीच फिकट दिसतात आणि कुठे कुठे आपोआप मोडलेली असतात. रोज कलेजी घालणं हे तिसरं टोक. काळजात ‘अ’ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन्‌महिने तेच खाल्लेल्या मांजराचे मानेचे मणके एकमेकांना चिकटून मान ताठ होते. आठवड्यातून एकदा अंगठ्याएवढा तुकडा चालेल. कांदा-लसूण मात्र कुठल्याच रूपात नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तरी कांद्याचा अर्क मासात उतरलेला असतो.

कच्चं मांस देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले. वाघ आणि घरची मांजर एकाच कुळातली आहेत आणि हा विषाणू दोघांनाही होतो. कोंबडीच्या दुकानातून आणलेले पंजे आणि आतडी कच्चीच टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती थांबायला हवी. शिजवा, मीठ घालू नका, आणि शिजवलेलं पाणी ओतून न देता त्यातच मिसळा, कारण टॉरिन पाण्यात उतरतं.

कोकणातली माणसं मासे विचारतातच. मासे चालतात, पण रोज तेच नको आणि कच्चे नको. काही माशांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, शिजवल्यावर तो निकामी होतो. तारली, बांगडा असे तेलकट मासे रोजच घातले तर ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते. अशा मांजराला पाठीवर हात लावला तरी ते कळवळतं. सुकट आणि सुके बोंबील खारट असतात, ते जेवण म्हणून देऊच नयेत.

म्हणून शहरातल्या घरासाठी माझा सल्ला असा: मुख्य जेवण पाकिटातलं आणि दिवसाच्या कॅलरीतला जास्तीत जास्त दहावा भाग घरचा. पाकीट घेताना समोरचं चित्र सोडून मागचं बारीक अक्षर वाचा. ‘संपूर्ण आणि संतुलित’ अशा अर्थाचं वाक्य आणि कोणत्या वयासाठी ते लिहिलेलं असावं. नुसतं ‘पूरक’ लिहिलेलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. तुमचा बोका वर्षाचा होईपर्यंत पिल्लांचं खाद्य, मग मोठ्यांचं. कुत्र्याचं खाद्य मांजराला अजिबात नको, त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन धरलेलं नसतं. दुकानात पोत्यातून काढून सुटं विकतात ते स्वस्त पडतं, पण त्यावर तारीख नसते आणि त्यातली चरबी केव्हाच खवट झालेली असते. पावसाळ्यात तर लहान पाकीटच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंग्या लागतात म्हणून वाटी सारखी उचलून ठेवणाऱ्यांनी ती पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावी.

किती घालायचं? कोरडं खाद्य १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी देतं. म्हणजे ४ किलोच्या मोठ्या, नसबंदी झालेल्या बोक्याला दिवसभरात ६० ग्रॅमच्या आसपास झालं. वजनकाट्यावर एकदा मोजून बघा, ते अर्ध्या वाटीच्या मागेपुढे भरतं. लोक वाटी शिगोशीग भरून ठेवतात आणि संपली की पुन्हा भरतात, म्हणून फ्लॅटमधली मांजरं दीड वर्षात ओटीपोट लोंबवत फिरायला लागतात. ओल्या पाऊचमध्ये साधारण ६० ते ८० कॅलरी असतात. एक पाऊच दिलं तर कोरडं वीसेक ग्रॅमने कमी करा. आणि दिवसाचं खाणं चार-पाच वेळांत वाटा. घरातल्या लहानशा उंदरात तीसेक कॅलरी असतात, त्यावर जगणाऱ्या मांजराला दिवसाला आठ-दहा शिकारी लागतात. त्याचं पोट तसंच घडलेलं आहे, थोडं थोडं पण वरचेवर.

दूध-पोळीवरून पाकिटावर एका दिवसात नेऊ नका. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत जा. “भूक लागली की खाईल झक मारत” हे मांजराच्या बाबतीत घातक आहे. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. तिथून त्याला परत आणायला कित्येक आठवडे नळीने भरवावं लागतं.

ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत त्यांचाही प्रश्न नेहमी असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरात काहीच शिजवावं लागत नाही. पाकीट, वेगळी वाटी, वेगळा चमचा आणि गॅलरीतली एक ठरलेली जागा, एवढ्यावर कित्येक शाकाहारी घरांतली मांजरं उत्तम राहतात. पण मांजरालाच शाकाहारी करायला मला सांगू नका. तेवढंही घरात चालणार नसेल तर ससा किंवा पक्षी पाळण्याचा विचार आधीच करावा.

आता पाणी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचा बोका आहे. उंदराच्या शरीरात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोरड्या खाद्यात ८-१० टक्के. मांजराची तहान मुळातच मंद असते, कारण त्याला पाणी शिकारीतूनच मिळत आलंय. ४ किलोच्या बोक्याला दिवसाला सगळं मिळून २०० मिलीच्या आसपास पाणी लागतं, आणि ६० ग्रॅम कोरड्या खाद्यातून त्याला मिळतं चमचाभर. लघवी घट्ट होते, त्यात बारीक खडे आणि चिकट पदार्थ जमतो. भाटीचा मूत्रमार्ग रुंद असतो, तिचं निभावतं. बोक्याचा मार्ग टोकाला इतका अरुंद असतो की वाळूच्या कणाएवढ्या खड्यानेही तुंबतो. घरी दिसतं ते असं: बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, कमान करून बसतो, जोर करतो, कण्हतो, बाहेर येऊन खालची जागा चाटत बसतो आणि ट्रेमध्ये ओल नसते. लोकांना वाटतं शी होत नाहीये, म्हणून एरंडेल देतात किंवा सकाळपर्यंत थांबतात. पोटाला हात लावला तर मागच्या बाजूला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागतो. ते तुंबलेलं मूत्राशय असतं. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि २४ ते ४८ तासांत हृदय बंद पडू शकतं. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

हे टाळायचं तर दिवसातलं एक जेवण ओलं द्या. कोरड्यातही कोमट पाणी घाला. पाण्याची भांडी खाण्याच्या वाटीपासून लांब, घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. उन्हाळ्यात मातीचं पसरट भांडं चांगलं, पाणी गार राहतं आणि बोके त्यातून आवडीने पितात. आणि लिटर ट्रे रोज साफ करा, घाण ट्रे पाहून बोका लघवी धरून ठेवतो. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. टोक्सोप्लाझ्माचा जंतू शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो, म्हणून ‘रोज’ या शब्दाला किंमत आहे. गरोदरपणात मांजर घरातून काढून टाकायची गरज नसते.

आता यजमानांचा मुद्दा. तो मायेतूनच आलाय आणि तसा चुकीचाही नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीतून बघत बसणारं मांजर सुखी नसतं. पण कोथरूडमध्ये बाहेर म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. पार्किंग, रस्ता, भटक्या कुत्र्यांची टोळी, आणि त्या हद्दीत आधीच राहणारे दोन-तीन दांडगे बोके. त्यांच्या भांडणात सुळ्याचं बारीकसं छिद्र पडतं, वरची कातडी दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठत जातो. मालकाला कळतं ते गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू आल्यावर. त्याच चाव्यातून एफआयव्ही हा मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणूही जातो, त्यावर लस आपल्याकडे नाही. आणखी एक गोष्ट कुणी मोजतच नाही: उंदरांचं औषध. सोसायटीने किंवा शेजारच्या दुकानाने ठेवलेलं ब्रोमॅडिओलोन खाल्लेला सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो. रक्त गोठेनासं होतं, आणि वेळेत कळलं तर त्यावर ‘के१’ जीवनसत्त्व हा इलाज आहे. झिंक फॉस्फाईड या उंदरांच्या दुसऱ्या विषावर उतारा नाही.

तिसऱ्या मजल्याचं वेगळं सांगायला हवं, कारण दार बंद असलं तरी गॅलरी उघडी असते. मांजर बहुतेक वेळा पायांवर पडतं ही गोष्ट खरी आहे, पण पायांवर पडणं म्हणजे वाचणं नव्हे. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात उंच इमारतींवरून पडून आलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यातली ९० टक्के वाचली. हा आकडा लोक धीर म्हणून सांगतात, पण जागीच गेलेली मांजरं रुग्णालयात कुणी आणत नाही हे त्यात धरत नाहीत. वाचलेल्यांचीही फुप्फुसं फाटलेली, टाळू दुभंगलेला, जबडा मोडलेला असतो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं, खिडकीची डासांची जाळी नखांनी निघते. स्टीलची, चौकटीत घट्ट बसवलेली जाळी लावा. बॉक्स ग्रिल असेल तर गजांमधलं अंतर बघा. ८ महिन्यांच्या बोक्याचं डोकं ज्यातून जातं त्यातून बोका जातो.

रेबीजबद्दल आपल्याकडे एक समज आहे की तो कुत्र्याचाच रोग. तो मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही. तुमचा बोका घरात राहणार असला तरी १२ आठवड्यांनंतर द्यायची रेबीजची लस आणि मांजरांची तीन रोगांची एकत्र लस घेतलेली हवी. ती झाली नसेल तर या आठवड्यात घ्या. मांजरांचा पार्वो म्हणतात तो रोग बुटांच्या तळव्याला लागूनही घरात येतो, त्याला मांजर बाहेर जावं लागत नाही. बाहेरचं मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद भरून थांबू नका.

“आमच्या गावची मांजरं अशीच वाढली” हे सासूबाईंचं वाक्य मी मान खाली घालून ऐकतो, कारण त्यात खोटं काही नसतं. पण त्यांनाच शांतपणे विचारा: भाटीने दरवर्षी घातलेल्या पिल्लांतली किती मोठी झाली? ओटीवर झोपणारी दोन-तीन आठवणीत राहतात. बाकीची कधी दिसेनाशी झाली ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. अकोले तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता, आणि दुसऱ्या क्रमांकावर १५ टक्के घरची मांजरं.

तरीही गावात, धान्याची कणगी आणि गोठा असलेल्या घरात मांजर कोंडून ठेवा असं मी कुणालाही सांगत नाही. तिथे ती कामाची आहे आणि तिला तिचा दिवस आहे. तिथे माझं मागणं एवढंच असतं की नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जंताचं औषध तीन महिन्यांनी चुकवू नका, तिन्हीसांजेला खायला घालून रात्री आत घ्या आणि ज्या घरात मांजर आहे तिथे उंदरांचं विष ठेवू नका. “पोटभर घातलं तर उंदीर मारायची नाही” ही भीती नको. शिकार करायची ओढ भुकेपेक्षा वेगळी असते, भरल्या पोटीही मांजर उंदराच्या मागे जाते.

अर्थात त्याच ओढीने ती दयाळ, बुलबुल, शिंजीरही मारते, आणि हेही शहरात दार बंद ठेवण्याचं एक कारण आहे. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली बाहेर फिरणाऱ्या मांजरांवर प्रयोग केला. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज नुसतं ५-१० मिनिटं खेळल्यावर २५ टक्क्यांनी. वाटी, खेळ आणि बाहेरचं जग एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते यात दिसतं. तुमच्या बोक्याचं दाराशी ओरडणंही त्यातलंच आहे.

म्हणून आता त्याचा दिवस भरून काढू. ६० ग्रॅममधलं निम्मं खाद्य वाटीत घालूच नका. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, त्याच्या खळग्यांत दाणे टाका आणि वर कागदाचे बोळे ठेवा. तो पंजाने काढून खाईल, त्याला वीस मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ त्याचं डोकं कामात राहील. कधी एकेक दाणा लांब फेका, धावून पकडू दे. जेवणाच्या आधी रोज दोनदा, दहा-पंधरा मिनिटं काठीला चिंधी बांधून त्याला पळवा, शेवटी ती पकडू द्या आणि लगेच खायला घाला. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्याचा मूळचा क्रम आहे. तो पुरा झाला की रात्री पायाच्या बोटांना चावणं आपोआप कमी होतं. टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी गुंडाळा किंवा गोणपाट बांधा, सोफा वाचेल. खिडकीलगत उंचावर एक फळी ठोका, जिथून रस्ता दिसेल. मांजराला जमिनीच्या चौरस फुटांपेक्षा उंची जास्त आवडते.

खेळ झाला की दोरी कपाटात ठेवा. गजऱ्याचा, हाराचा, राखीचा दोरा मांजर गिळतं, तो जिभेखाली अडकतो आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसाच दवाखान्यात आणा. घरातल्या आणखी दोन गोष्टी जपा. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते, त्याच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. आणि पुष्पगुच्छात येणाऱ्या लिलीचे पराग अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं जातात, तसा गुच्छ घरात आणूच नका.

बाहेरची हवा त्याला द्यायचीच असेल तर जाळी लावलेली गॅलरी द्या, नाहीतर छातीचा पट्टा. पट्टा आधी घरात, दोन मिनिटं, खाऊ देत घाला. तो अंग टाकून पडून राहील, राहू द्या. काही बोके याला सरावतात, काही नाही. जबरदस्ती नको.

८ महिन्यांच्या बोक्याचं दाराशी ओरडणं निम्मं नसबंदी न झाल्याचं असतं. ती झाली आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. पाच-सहा महिन्यांनंतर कधीही करता येते, बोक्याला सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. भटकण्याची ओढ, भिंतीवर फवारणं, भांडणं खूप कमी होतात. भूक मात्र वाढते आणि गरज साधारण चतुर्थांशाने घटते, म्हणून त्या आठवड्यापासूनच माप कमी करा. वर दिलेलं ६० ग्रॅमचं माप नसबंदीनंतरचं आहे. आणि तो ओरडत असताना दार उघडू नका, वाटीही भरू नका. एकदा उघडलंत की त्याला ओरडण्याचा उपयोग कळतो. ओरडायच्या वेळेच्या अर्धा तास आधी खेळ आणि जेवण ठेवा. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. यजमानांनीही पाळायला हवं.

राहिला गुहागरचा प्रश्न. चार-पाच दिवसांसाठी जाणार असाल तर बोक्याला घरीच ठेवा आणि रोज दोनदा कुणीतरी येऊन खाणं, पाणी, ट्रे बघेल अशी सोय करा. वाटी भरून कुलूप लावून जाऊ नका. महिनाभर जाणार असाल तर न्या, पण बास्केटमधून. मांडीवर मोकळा नको, डिकीत तर नकोच. निघायच्या आधी चार-पाच तास खायला देऊ नका, घाटात ओकारी होते. पाणी द्या. बास्केट आठवडाभर आधी घरात उघडी ठेवून तिच्यातच त्याला खाऊ घाला. गावी पोचल्यावर त्याला एका खोलीत ठेवा, त्याचा ट्रे, पुण्याची वापरलेली थोडी वाळू आणि त्याची चादर तिथे ठेवा. कौलारू घराला वरून बाहेर पडायच्या वाटा असतात, त्या आधी बघून घ्या. अंगणात सोडू नका, “फिरून येईल” म्हणून कुणी सांगितलं तरी. ती जागा त्याला अनोळखी आहे, तिथले बोके त्याला हाकलतील आणि पळताना तो कुठे जाईल याचा पत्ता लागत नाही. सासूबाईंना तिथे त्याला दोन चमचे दूध द्यायचं असेल तर त्याच खोलीत बसून द्यायला सांगा.